कुलूप होतं हे खरं

मामा सोमवारी सकाळी पिंपरीच्या दवाखान्यात वारले. भावाचा फोन आला तेव्हा मी भोसरीला ऑफिसात होते. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला. अहो, बुधवारी लताबाईच्या खोलीचा पंचनामा, आणि हा माणूस असा मध्येच उठून चालता झाला!

वामनमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. कासारवाडीत आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. कंपनीतून निवृत्त झाल्यावर सरकारनं त्यांना विशेष कार्यकारी अधिकारी नेमलं. नाव भारदस्त, पगार शून्य. ही नक्कल खरी आहे, हा माणूस तोच आहे, ही बाई इथंच राहते, असं शिक्क्यानिशी सांगायचं. सणावाराला दोन मिरवणुका समोरासमोर आल्या की मध्ये उभं राहून पोरांची डोकी थंड ठेवायची. मी चिडवायची, "मामा, हल्ली लोक स्वतःच सही करून कागद देतात. तुमच्या शिक्क्याला विचारतंय कोण?" ते चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "तू विचारतेस की रोज."

कुणी रहिवासाच्या दाखल्याला आलं की मामांचा पहिला प्रश्न, "शिफ्ट कुठली?" पहिल्या पाळीवाल्याकडे ते संध्याकाळी जायचे, रात्रपाळीवाल्याकडे तो उठल्यावर. घर बघितल्याशिवाय सही नाही, मग समोर नगरसेवक का असेना. लोक वैतागायचे. मीसुद्धा कित्येकदा म्हटलं, "अहो, ओळखीची माणसं आहेत, द्या ना ठोकून!" तर माझ्यावरच डाफरायचे.

लताबाई मागच्या वस्तीतली, मूळची लातूरकडची. नवरा गेलेला, लेक सासरी. चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला. उजाडायच्या आत बस पकडायची आणि दिवस कलता कलता परत. वस्तीच्या जागी इमारत होणार म्हणून पाहणीवाले आले, तेही भर दुपारी. खोलीला कुलूप बघून त्यांनी शेरा मारला : बंद, कुणी राहत नाही. झालं! पंधरा वर्षांचा संसार एका शेऱ्यात पुसला. त्या खोलीवर आपल्या मेव्हण्याचं नाव लावायला वस्तीतला एक पुढारी टपून बसला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो मामांकडे गोड बोलत आला. "काका, पंच म्हणून तुमची सही हवी फक्त. कुलूप होतं हे तरी खरं ना?"

"कुलूप होतं हे खरं," मामा म्हणाले. "बाई राहत नाही हे खोटं. या गावात दुपारी कुलूप नसेल तर माणूस आजारी तरी असतो, नाहीतर कामावरून काढलेला. निघा आता."

मग मामांनी पाहणीवाल्यांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. छातीत कळ यायची, तरी जायचे. मामी ओरडायची, मी ओरडायची... ऐकतंय कोण! शेवटी फेरपाहणी मिळाली, बुधवारी संध्याकाळी. शनिवारी त्यांना दवाखान्यात ठेवावंच लागलं. रविवारी मी भेटले तर स्वतःच्या तब्येतीबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "बाईला सांग, बुधवारी ओव्हरटाइम घेऊ नकोस." तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

बुधवारी घर माणसांनी भरलेलं, जलदानविधी अजून व्हायचा होता. मी कोपऱ्यात बसले होते. मामी जवळ येऊन म्हणाली, "तू इथं काय करतीस? ऊठ. त्यांचं काम अर्धं राहिलंय."

गेले. पाहणीचे साहेब वेळेवर आले, लताबाईची बस मात्र चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. दाराला पुन्हा कुलूप. पुढारी हसला. "बघा साहेब, सांगत नव्हतो?" साहेब फाईल मिटायला लागले. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या घरातून खुर्ची ओढून आणली, दारात ठेवली. "बसा साहेब. चहा टाकलाय. ट्रॅफिक तुम्हालाही लागला असेल ना येताना?" ते नाइलाजानं बसले. चहा झाला, दुसरा झाला. मी ऑफिसच्या, हवेच्या, पाण्याच्या गप्पा मारत राहिले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लताबाई दिसली. कॅन्टीनची टोपी अजून डोक्यावर, चप्पल हातात, पळत येत होती. "आले ओ साहेब, आले! जाऊ नगा!" तिनं दार उघडलं. आत सकाळचा भात झाकून ठेवलेला, दोरीवर लुगडी, भिंतीवर लेकीच्या लग्नाचा फोटो. साहेब उंबऱ्यात उभे राहून बघत राहिले. मग त्यांनी जुना शेरा खोडला आणि नवा लिहिला.

"पंच कोण?" त्यांनी विचारलं. वस्तीतली चार माणसं उभी होती. पुढाऱ्याकडे बघून चौघांनीही माना खाली घातल्या. मला याच रस्त्यानं रोज जायचं-यायचं होतं.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही कुठल्या पदावर आहात?"

"कुठल्याच नाही. शेजारीण आहे. सही कुठं करू?"