झुलालनानांची फार्गो

पिंप्राळ्यात कुणाच्या लग्नात झुलालनाना पंगतीला बसले, की शेजारचा ताट उचलून पलीकडे सरकतो. विषय कोणताही निघो, नाना वरणावर आपली फार्गो वाढणारच! तालुक्याच्या गावी त्यांनी उभी हयात फार्गो कंपनीचा आगीचा बंब चालवला. "नाक होतं त्या गाडीला! लांब बॉनेट, मधून दुभागलेली काच, दाराशी पितळी घंटा. आताचे बंब चपट्या तोंडाचे, भिंतीवर आपटल्यासारखे. आणि चिंधाकडे होती डॉज. फार्गोपुढे डॉज म्हणजे बैलगाडी!" बंबखान्यातले दुसरे ड्रायव्हर चिंधाभाऊ वारल्यापासून तर उलटून बोलणाराही उरला नाही.

अशा नानांना सोनगीरहून ढाबेवाल्या किरणचा फोन आला. त्याने नानांच्याच बंबखान्यातले दोन्ही जुने बंब भंगारातून उचलले होते. एक ढाब्यापुढे मांडायचा, दुसरा कापायचा. गॅस कटरवाला दुपारी येणार. "नाना, तुमचा कोणता तेवढं दाखवा. तो ठेवतो."

नाना बायकोला, सुंदरबाईंना, घेऊन एसटीने पोचले. बघतात तर दोन्ही बंब जुळे. तेच नाक, तीच काच. एकावर फार्गोची पितळी पट्टी, दुसऱ्यावर डॉजची, एवढाच फरक.

"हाऊच मना बंब शे!" म्हणून नानांनी फार्गोवर हात ठेवला, आणि त्यांना चिंच आठवली.

खंडेनवमीला नाना आणि चिंधाभाऊ दोन्ही पट्ट्या काढून एकाच घमेल्यात चिंचेने घासत. मग पूजेच्या घाईत, ज्याच्या हाताला जी लागेल ती समोरच्या नाकावर आवळून टाकत. भोकंसुद्धा जुळायची! दुसऱ्या दिवशी नाना कोणत्या गाडीवर चढत? जिच्यावर फार्गो लिहिलंय तिच्यावर. म्हणजे दर वर्षी पट्टी तीच, पण गाडी कदाचित दुसरीच... अरे देवा!

नाना फार्गोत बसून बघू लागले. गुडघा पूर्वीसारखाच घंटेच्या कडीला लागला. "हीच!" डॉजमध्ये बसले. तिथेही लागला.

"गुडघा ते तुमना घरमा पलंगले बी लागस," सुंदरबाई म्हणाल्या.

"नाना, ठरलं का?" किरणने आतून विचारलं. "कटरवाला निघालाय!"

"चहा सांग आधी. आणि जरा पाना दे!"

किरण चहा घेऊन येतो तर दोन्ही नाकं बोडकी. पट्ट्या सुंदरबाईंच्या पिशवीत.

"नाना! आता कापू कोणता?"

"मना शे, तेवढा कापू नको."

"पण तुमचा कोणता?"

"ते मला कळलं असतं तर पाना कशाला मागितला असता?"

कटरवाला आला, दोन चहा प्यायला, डोकं खाजवत परत गेला. दोन्ही बंब आजही सोनगीरला उभे आहेत, निनावी. खंडेनवमीला पट्ट्या बसवून देईन, असा शब्द नाना देऊन आलेत.

घरी चिंच भिजली. सुंदरबाईंनी घमेलं पुढे सरकवलं. "आते कोनती कोठे लावशात?"

नानांनी डोळे मिटून पिशवीत हात घातला आणि हाताला लागली ती पट्टी आधी घासायला घेतली.