लाल डोळा, पांढरा डोळा

"ह्यो डोळा लाल, त्यो पांढरा. गडबडीत केलंस व्हय गं?" कंग्राळीच्या सुमनकाकूंनी कानातल्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. लेकीचं, स्नेहलचं, लग्न तोंडावर आलेलं. ती शेजारी बसली होती.

मी जंगलातले प्राणी-पक्षी रंगवते. टिळकवाडीत घराच्या पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. चित्रांसोबत हातानं दागिनेही घडवते. लाकडाच्या पातळ चकतीवर पक्षी रंगवायचा, वर वार्निश, कडेनं पितळेची तार. नवरीसाठीची ही माझी पहिलीच ऑर्डर. स्नेहल खानापूरला नांदायला जाणार होती. तिकडच्या रानात धनेश दिसतो, मोठ्या पिवळ्या चोचीचा, घारीहून थोरला. म्हणून तिनं तोच मागितला होता.

"दुसराबी लाल करून दे. न्हायतर ऱ्हाऊ दे, सराफाकडं जातो आमी."

वार्निश खरवडून एक ठिपका द्यायचा, एवढंच काम. नाही दिला तर कंग्राळीत माझं नाव फसलेल्या जोडीपायी गाजणार. तरी हात काही ब्रशकडे जाईना. खोटा पक्षी मी कधी केलेला नाही.

"काकू, हा नर, ही मादी. नराचा डोळा लालच असतो, मादीचा पांढरा. चुकलेलं नाही, म्हणून बदलणार नाही."

त्यांना पटलं नाही. मग मी त्यांना भिंतीवरच्या मोठ्या चित्रापुढं नेलं. खानापूरच्या रानात झाडाखाली दिवसच्या दिवस बसून केलेलं ते चित्र. त्यातही तीच जोडी, तसेच डोळे.

"हितंबी चुकलीस की गं."

स्नेहल खुदकन हसली. मी चित्रातली ढोली दाखवली. अंडी घालायला मादी आत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि बारीकशी फट तेवढी ठेवते. ती आत आहे तोवर नर त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो.

काकूंनी पुढं वाकून त्या फटीवर बोट ठेवलं.

"आमच्या बाळंतपणात कुणी एवढं खायला घातलं न्हाय," त्या म्हणाल्या आणि डबी पिशवीत टाकली.

लग्नात बघते तर काकू नवरीची हनुवटी धरून, मान एकदा इकडं एकदा तिकडं वळवून, पाहुण्यांना कानातलं दाखवत होत्या. "ह्यो नर, ही मादी. ह्यो तिला बसल्या जागी भरवतोय." शेवटी त्यांनी जावयाला पुढं बोलावलं. "जावईबापू, नीट बघून घ्या."

माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागलं तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता. आकार आणि तार गिऱ्हाईकानं खुशाल सांगावी. डोळ्याचा रंग मी पक्ष्यालाच विचारते.