कॅन्सरवर बोलू नको, शेठ बसलेत

मंडळी, आज भेस्तानच्या गिरणीवस्तीत आमच्या खान्देशी समाजाने तीन संशोधकांचा सत्कार केला. एकाचा विषय पर्यटकांचं वागणं, दुसरीचा अणूच्या आतले कण, माझा रंगातल्या रसायनांनी होणारा कॅन्सर. ते दोघं भरपूर बोलले.

माझी पाळी आली तसे अध्यक्षकाका कानाशी आले. "बेटा, कॅन्सरचं नको काढू. कार्यक्रमाचा खर्च शेठनी केलाय."

शेठची कापड रंगवायची डाइंग मिल आहे. समोरचे निम्मे लोक तिथेच रंगखात्यात आहेत, माझे पप्पाही.

मी आभार मानून खाली बसले. सत्काराची साडीसुद्धा शेठच्याच मिलची.

घरी पप्पांनी साडीवर हात फिरवला. "हा रंग मीच चढवलाय, बेटा."

तेव्हाही मी गप्पच. तुम्ही बोलला असता?