गुळाचा खडा

"मास्तर, माझ्या तोंडात गूळ गेलाय."

सलोमी रांग सोडून माझ्यापाशी आली होती. अंगात पांढरा परकर-पोलका, केसांत मोगरा, हातात न पेटवलेली मेणबत्ती. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू व्हायला पाच मिनिटं होती.

मी तेव्हा हैदराबादला इंटरला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिशननं मला कमठाण्याजवळच्या एका खेड्यात पाठवलं. काम एकच. अकरा मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी करून घ्यायची. कम्युनियन म्हणजे मिस्सेत आशीर्वादित केलेली भाकर, गव्हाची एक पातळ चकती, ख्रिस्ताचं शरीर म्हणून स्वीकारणं. त्याआधी प्रार्थना पाठ हव्यात, प्रश्नोत्तरी समजलेली हवी आणि फादरांपुढे आपली पापं कबूल केलेली हवीत. त्याला कन्फेशन म्हणतात.

मला हे काम जमतंय की नाही, अशी शंका रोज यायची. कन्फेशनची तालीम घेताना मी उदाहरण म्हणून सांगितलं, "मी आईशी दोनदा खोटं बोललो." दुसऱ्या दिवशी अकराही मुलांनी तेच पाप सांगितलं. त्यांतल्या पास्कूची आई तर तो तान्हा असतानाच वारली होती.

सलोमी बारा वर्षांची, सगळ्यांत मोठी. मागच्या वर्षी ऐन दिवशी तिला ताप भरला आणि तिचं कम्युनियन राहिलं. फादर वर्षातून एकदाच येत. पुढच्या महिन्यात तिचे आईबाप तिला घेऊन फरशीच्या खाणीवर कामाला जाणार होते. तिथं ना देऊळ, ना फादर. आजचा दिवस चुकला तर पुन्हा कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि नियम कडक होता. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही. पाण्याचा थेंबही नाही. फादरांनाही तोच उपास.

"गूळ दिला कुणी?"

"शिवाक्कानं."

शिवाक्का म्हणजे रस्त्याकडेच्या तेलघाण्याची मालकीण. गळ्यात लिंग, तोंडात सदा कानडी-मराठीची सरमिसळ. सलोमी तिच्या घाण्यावर पेंड भरायला जाई. सकाळी पोरगी नवे कपडे घालून समोरून निघाली, तेव्हा शिवाक्कानं तिला थांबवलं. "चांगल्या कामाला निघालीस, आन् रिकाम्या तोंडानं?" असं म्हणून तिनं गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. आमच्याकडे हे कुणीही करतं.

"मग थुंकायचास की."

"अक्काच्या म्होरं? तिला कसं वाटलं असतं?"

मी इकडंतिकडं पाहिलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मी हळूच विचारलं, "आणखी कुणी पाहिलं का?"

"अक्कानं पाह्यलं," ती म्हणाली. "आन् मी हाय की."

मी तिला फादरांकडे घेऊन गेलो. फादर म्हातारे, पांढऱ्या दाढीचे. तरुणपणी परदेशातून आलेले. मराठी पुस्तकातल्यासारखी बोलत.

"मुली, तू तो खडा गिळलास का?"

"व्हय, फादर. इतळला."

"मग आज नाही."

"फादर, एवढासा तर खडा..." मी चाचरत म्हणालो.

"मास्तर, तो तोलायचा तराजू माझ्याकडे नाही."

दहा मुलं वेदीपुढे गुडघे टेकून बसली. सलोमी मागं भिंतीशी उभी राहिली. ती रडली नाही. गीतं मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणत होती. माझंच लक्ष मिस्सेत नव्हतं.

मिस्सा संपली आणि घटकाभरात शिवाक्का दारात. पास्कूनं तिला जाऊन सगळं सांगितलं होतं.

"जळो माझा हात!" ती फादरांना म्हणाली, "अप्पा, चूक माझी. शिक्षा पोरीला कामून?"

"शिक्षा नव्हे, बाई. उपास मोडला."

"आमचाबी मोडतो की. मग दुसऱ्या दिशी धरतो. उद्या द्या तिला."

उद्या रविवार. फादरांना दहा मैलांवरच्या गावात मिस्सा म्हणायची होती. तिथली माणसंही वर्षभर थांबलेली. मी हे शिवाक्काला समजावून सांगू लागलो. फादरांनी हात वर करून मला थांबवलं.

"रविवारी दोन मिस्सा म्हणायची मला परवानगी आहे. इथली पहाटे म्हणू."

याचा अर्थ मला लगेच कळला. दुसरी मिस्सा होईपर्यंत फादरांचा उपास सुटत नाही. वैशाखातलं ऊन, बैलगाडी, दहा मैल, आणि पाणीसुद्धा नाही.

"फादर, तुम्हाला झेपेल का?"

"नियम मलाही तोच आहे, मास्तर. तुम्ही गाडीचं बघा."

"बघायचं काय त्यात? गाडी माझी," शिवाक्का म्हणाली.

पहाटे एकट्या सलोमीसाठी मिस्सा झाली. न सांगता बाकीची दहाही मुलं आली, उपाशीच. शिवाक्का दाराबाहेर उभी होती. "मीबी काल सांजपासून काही खाल्लं न्हाई," ती मला म्हणाली, "माझ्यापायी मोडलाय, म्हून." सलोमीची मेणबत्ती मी पेटवली. फादरांनी तिच्या जिभेवर ती चकती ठेवली.

गाडी जुंपली. शिवाक्का ओलं फडकं गुंडाळलेली ताकाची चरवी घेऊन आली आणि सवयीनं फादरांपुढे धरली. मग एकदम चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि चरवी माझ्या मांडीवर ठेवली.

"मास्तर, दुसरी पूजा झाल्याबिगर झाकण काढायचं न्हाई. अप्पानं मागितलं तरीबी न्हाई."

अप्पांनी मागितलं नाही. वाटेत दोन विहिरी लागल्या. फादरांनी दोन्हींकडं पाहिलंही नाही. डोक्यावर उपरणं घेऊन ते जपमाळ ओढत होते. त्या गावची मिस्सा संपली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मी झाकण काढलं. फादर दोन पेले न थांबता प्याले, दाढी पुसली आणि म्हणाले, "हिंग थोडा जास्त आहे. बाईंना सांगू नका."

नंतरच्या दोन सुट्ट्यांतही मी हेच काम केलं. मुलांना तीच प्रश्नोत्तरी शिकवली. फक्त आदल्या संध्याकाळचा शेवटचा धडा मुलांना दिला नाही. शेजारपाजारच्या घरोघरी फिरलो आणि सांगितलं, "उद्या सकाळी पोरांना गूळ देऊ नका. मिस्सा झाल्यावर द्या."