टाकीवरचा नारिंगी झेंडा

मी तापट आहे. हवामान शिकवणाऱ्या बाईंचं स्वतःचंच हवामान कधी बिघडेल सांगता येत नाही, असं आमचे मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये म्हणतात आणि मी ऐकलं नाही असं दाखवते. मावल्याहून बसने बाजारहत्नूरकडच्या एका गावात मी शिकवायला जाते. सीमेवरचं गाव, शाळेत अर्धे वर्ग तेलुगू, अर्धे मराठी. नववीच्या मराठी वर्गाला हवामान शिकवताना एकदा लक्षात आलं, की पोरं 'ऑरेंज अलर्ट' घडाघडा पाठ म्हणतात, पण तो आला तर घरच्यांनी काय करायचं हे विचारलं की खांदे उडवतात. माझं डोकं फिरलं.

म्हणून झेंड्यांची कल्पना काढली. रोज सकाळी माझ्या फोनवर जिल्ह्याचा इशारा येतो. ज्या रंगाचा इशारा, त्या रंगाचं कापड शाळेच्या पाण्याच्या टाकीवर बांबूला लावायचं. टाकी उंच आहे, नाल्यापलीकडच्या वावरांतूनही दिसते. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे आभाळाकडे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे आवरायला लागा, लाल म्हणजे हातातलं टाकून निघा. चारही झेंडे मी घरच्या मशीनवर शिवले आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पहिल्याच दिवशी हिरवा चढला आणि मुख्याध्यापक धावत आले. ते तेलुगू बोलणारे, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली. "हरा वद्दु, मॅडम. लोगां कुछ बी समझते." वद्दु म्हणजे नको. कोण काय समजणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही. मी चडफडले, पण हिरवा घडी करून कपाटात ठेवला. नियम बदलला. धोका नसेल तर बांबू रिकामा. रंग चढला की सावध, रंग उतरला की मोकळे. हे मी वर्गाकडून घोकून घेतलं आणि घरोघरी सांगायला लावलं.

झेंडा लावायचं काम एका मुलीकडे होतं. अंगाने बारकी, पण तिने मारलेली गाठ मला दातांनीही सुटायची नाही. तिच्या घरचं वावर नाल्यापलीकडेच. "टीचर, आई दर घडीले टाकीकडं पाह्यते," ती एकदा म्हणाली. "म्हंते, मोबाइलपक्षा हेच बरं." त्या दिवशी मी वर्गात कोणावरच ओरडले नाही.

मार्चमध्ये शाळा अर्ध्या दिवसाची झाली आणि ज्वारीची सोंगणी ऐन भरात आली. त्या सकाळी इशारा नारिंगी होता. दुपारी विजा, वादळ, गारा. मुलीने झेंडा चढवला. ऊन कडक, आभाळ स्वच्छ, झाडाचं पान हलत नव्हतं. साडेदहाच्या सुमारास फाटकाशी चौघे जण येऊन उभे राहिले. एकाने फोन वर धरून झेंड्याचा फोटो काढला.

"शाळेवर भगवा काऊन लावला?" एक म्हणाला.

"लावला तं लावला," दुसरा त्याच्यावर उखडला. "आता उतरवून दाखवा."

चौघांत तिथल्या तिथे दोन बाजू पडल्या. मी फाटकापाशी गेले. "भगवा नाही, नारिंगी आहे. गारपिटीचा इशारा आहे."

"बाई, रंग आमालेबी कळते." त्याने निरभ्र आभाळाकडे बोट केलं आणि चौघेही हसले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. वर्गातलं नारिंगी कापड फाटकाबाहेर भगवं झालं होतं. रस्त्याने जाणारे थांबू लागले.

"निकालो, मॅडम. अभी," मुख्याध्यापक माझ्या मागून म्हणाले. ठेवला तर दोघे चिडणार, उतरवला तर दोघे. पण रिकाम्या बांबूवर फार वेळ कोणी भांडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, अलर्ट अभी है."

"ऊपर से फोन आया तो तुम बोलते क्या?"

एरवी खडूच्या डबीवरून भांडणारी मी. तिथे भांडायला हवं होतं. पण फोटो निघाला होता आणि मला भीती वाटली. बदलीची, चौकशीची, उद्या कोणाकोणाच्या फोनवर माझं तोंड दिसेल याची. मी मुलीला म्हटलं, "उतरव."

"टीचर, अलर्ट गेला काय?"

"आधी उतरव."

तिने गाठ सोडली. कापड मी माझ्या पर्समध्ये कोंबलं. थोडा वेळ तणतण करून चौघे पांगले.

साडेबाराला पोरं जेवायला बसली तेव्हा पश्चिमेकडून आभाळ काळं होत येत होतं. मुलीने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या बांबूकडे. "टीचर, आईनं पाह्यलं असंन," ती म्हणाली आणि भरलं ताट तसंच टाकून नाल्याच्या दिशेने पळत सुटली.

मी हाका मारत मागे धावले. धुळीने समोरचं दिसेना. नाल्यावरच्या पुलापाशी पोचते तोच पहिली गार खांद्यावर बसली आणि हात बधिर झाला. मी पुलाखाली शिरले. वर नुसता तडतडाट चालला होता, मधूनच वीज कडाडत होती. मी तिला हाका मारत राहिले आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ती मेली असेल, असं माझ्या मनात स्पष्ट येऊन गेलं.

गारा थांबल्यावर मी वर आले. वावरातली ज्वारी आडवी झालेली. धुऱ्याच्या बांधाला लागून तिची आई गुडघ्यांवर ओणवी बसली होती आणि तिच्या पोटाखाली मुलगी. मुलीच्या डोक्यावर घमेलं पालथं घातलेलं. ते वरून दाबून धरलेला आईचा हात मनगटापासून वाकडा झाला होता. पदरावर रक्त होतं. मुलीला खरचटलंही नव्हतं.

मी माझा पदर फाडून आईचं डोकं बांधायला घेतलं.

"सकाळी पाह्यलं तं रंग होता, टीचर," आई म्हणाली. "पेंढ्या बांधून निघालीच होती मी. मंग पाह्यलं तं बांबू रिकामा. म्हनलं, गेला धोका. बसली परत सोंगाले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी शिकवलेला नियमच ती मला म्हणून दाखवत होती. मी तोंड उघडलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या आधी तीच बोलली.

"आई, म्या गाठ नीट मारली नाई. हवेनं सुटला झेंडा."

आईने दुसऱ्या, धड हाताने तिच्या पाठीत एक हलकी चापट मारली. "पुढच्या टायमाले दोन गाठी मारजो."

"मारीन," पोरगी म्हणाली.

मी पदराच्या पट्टीची गाठ आवळली. नारिंगी कापड माझ्या पर्समध्ये होतं, कोरडं.