दादाने रिकामी केलेली बंदूक

आमच्या पंचक्रोशीत माझ्या थोरल्या चुलतभावाइतका कटकट्या माणूस दुसरा झाला नाही. आजोबांची ठासणीची बंदूक परवान्यासकट दादाकडे आली, ती काजूच्या बागेतले वानर हुसकायला. वानरांनी तिला कधी भीक घातली नाही. तिची धास्ती घेतली ती एकट्या दादाने. पडवीतल्या खुंटीवर टांगलेल्या त्या बंदुकीच्या नळीसमोरून जायची कुणाला परवानगी नव्हती. पाहुण्यांनी घराला वळसा घालून मागच्या दाराने आत यायचं. त्याच्या सुनेने लग्नाच्या दिवशी माप ओलांडलं तेही मागच्याच दारी! "अरे, रिकामीच आसा मा ती?" असं कुणी म्हटलं की हा म्हणायचा, "रिकामी आसा म्हणणारेच मरतत." रोज चहाच्या आधी नळीत लोखंडी गज सोडून बघायचा. गजावर कानशीने खूण केलेली. नळी रिकामी असली तर खूण काठाशी यायची, आत बार असला तर वर राहायची. रिकाम्या बंदुकीची रोज नाडी बघणारा असला वैद्य मी दुसरा पाहिला नाही. चारचौघांत मी त्याला भित्रा म्हणायचो. लोक हसत. मला बरं वाटे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी नेमका दादा दोन दिवस देवगडला मुलीकडे गेला होता. त्याच्या मागे वानर माझ्या फणसावर उतरले. मी बंदूक काढली, वर चिंधी कोंबून बार ठासला, तोवर वानर पसार. भरलेला बार काढायचा कसा, ते मला ठाऊक नव्हतं. घोड्याखालची केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, तेवढी काढली आणि बंदूक पुन्हा खुंटीला लावली. दादा परतला तो जमा करायच्या शेवटच्या दिवशी. तो गज हातात घेतोय तोच मी ओरडलो, "चल रे, रिक्षावालो थांबाचो नाय! दोन दिवसांत ती काय पिल्लां घालतली?" त्याची बोलणी खायची माझी तयारी नव्हती, एवढंच त्याचं कारण.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "काका, रिकामी आहे ना?"

"तीस वर्सां भरलेली घरात ठेवूक नाय," दादा म्हणाला आणि सवयीने गज सोडला. खूण चार बोटं वर राहिली.

दादाने सगळ्यांना मागे सारलं. नळी आवारातल्या चिऱ्यांच्या ढिगाकडे केली, केप नसल्याची खात्री केली, नळीत पाणी ओतलं आणि तासभर कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

"अहो, उडवून मोकळे व्हा ना," हवालदार कंटाळून म्हणाला.

"कधी भरली, किती दारू घातली, ठावक नाय. उडवूची नाय."

मग तोंड नळीपासून बाजूला ठेवून, आटे असलेला गज फिरवत त्याने आधी चिंधी ओढून काढली. मागोमाग छर्रे सांडले, शेवटी दारूचा काळा चिखल. चिंधी निळ्या चौकड्यांची होती. घरातलं कुणीही ओळखेल अशी, माझ्या जुन्या लुंगीची. दादाने ती पिळून खिशात घातली.

"चूक माझी, साहेब. वय झाला."

मी शेजारीच उभा होतो.

परवाना त्याने आपणहून परत केला. गावाने त्याला विसरभोळा ठरवलं, आणि "म्हातारो आता चळलो" म्हणत हसणाऱ्यांत मी पुढे होतो. त्याने मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ह्यांचा विसरणा त्या बंदुकीपासून सुरू झाला."

वहिनी, दादा काही विसरला नव्हता.