आधी पाय दाखवा

पंचशीला सोनकांबळेचं नाव कधी पेपरात आलं नाही. तिने पुढे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, एवढंच. पण तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि तो हट्ट नांदेडच्या कॉलेजात माझ्याच टेबलावर वाढीला लागला.

बी.एस्सी.ला आम्ही दोघी एका ट्रेमध्ये बेडूक फाडायचो. म्हणजे फाडायची ती. मी नाक दाबून आकृत्या काढायची. मी उदगीरच्या लिंगायत वाण्याची पोर, घरात अंडंही चालत नाही. प्राणिशास्त्र घेतलं म्हणून आप्पांनी अबोला धरला होता. पंचशीला चिमट्याने हृदय दाखवायची, "उमे, बघ की, अजून उडून राहिलंय. डोळे मिटून परीक्षा देनार का?" तिचा भारी राग यायचा. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला निदान तिच्याशी न भांडण्याइतकी होती.

एका तासाला निवृत्ती सरांनी फळ्यावर नारूचं चक्र काढलं. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, फोड फुटतो, जंताची पिल्लं पाण्यात सुटतात. सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा ती गिळतो आणि तो किडा पाण्याबरोबर आपण गिळतो. वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत निघतो. सगळा वर्ग 'ई' म्हणाला. बाहेर आल्यावर पंचशीला म्हणाली, "आमच्याकडं काडीला गुंडाळून काढतेत. देवीचा कोप म्हनतेत."

विहिरींतले सूक्ष्म जीव गोळा करायचं काम आम्हा दोघींकडे आलं, तेव्हा तिने आपलंच गाव निवडलं, जळकोटच्या अंगाचं. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं. जिल्हा नवा, ऑफिसं नवी, पाणी मात्र जुनंच, आणि तेही आटलेलं. बौद्ध वस्तीचा आड कोरडा ठणठणीत. गावात पाणी उरलं होतं फक्त पायऱ्यांच्या बारवेत, आणि तिथे वस्तीला उतरू देत नसत. वर उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतून घ्यायचं. अर्ज झाले, मोर्चा झाला, शेवटी जिल्ह्यावरून हुकूम आला. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांच्या समोर वस्ती बारवेत उतरणार होती. पहिला पाय पंचशीलाच्या आईचा, चतुराबाईंचा. मोर्च्यात पुढे त्याच होत्या.

पोहोचलो त्याच दिवशी दुपारी कोतवालाची परवानगी काढून मी बारवेतून बरणी भरून आणली. पंचशीलाने ती उन्हात धरली. पाण्यात पांढरे ठिपके उड्या मारत होते. भिंगातून शेपटीपाशी अंड्यांच्या दोन पिशव्या दिसल्या. सायक्लॉप्स! आम्ही एकमेकींकडे पाहिलं. किडा तयारच होता, आता कुणी फोड घेऊन उतरायचाच अवकाश.

सकाळी चतुराबाई पांढरं पातळ नेसून तयार झाल्या. घोट्याला चिंधी होती.

"काय झालं, आई?"

"काटा."

पंचशीलाने खाली बसून चिंधी सोडली. टरारलेला फोड, भोवती लाल.

"लई जळतंय," चतुराबाई म्हणाल्या. "पान्यात घातला की थंड वाटंल."

"आई, तू उतरू नको."

"काय म्हनलीस?"

"हा नारू हाय. पान्यात पाय घातलास की फोड फुटंल. पुढच्या साली साऱ्या गावाला निघंल, आपल्या लेकरांना बी."

चतुराबाईंचा चेहरा पडला. "कलेक्टर हाव म्हनला अन् पोरगी न्हाई म्हनती! सारा जलम मी वर उभी ऱ्हायले. आज माघारी फिरले तर भेली म्हनतील. ह्याच्यासाठी शिकवली का तुला?"

पंचशीला रडत होती, पण आईचा पाय सोडत नव्हती. मला वाटलं, आजच्या दिवस गप्प बसावं हिने. मी असते तर बसले असते.

चतुराबाईंनी वाकून तो फोड पाहिला आणि विचारलं, "माझ्याच पायात असतंय का ते?"

"न्हाई. कुनाच्याबी."

"चल मग."

बारवेवर अर्धं गाव एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, मधे जीप आणि दोन पोलीस. चतुराबाई पहिल्या पायरीशी गेल्या आणि वाट अडवून खाली बसल्या.

पाटलीण केवळाबाई रोजच्याप्रमाणे घागर घेऊन आल्या. "सरक की."

"आधी पाय दाखवा."

एकच गलका उठला. गावातून काठी वर झाली. वस्तीतला एक जण ओरडला, "म्हातारी फितूर झाली काय?" तहसीलदार घाम पुसत पुढे आले. पंचशीलाने आईच्या पायाची चिंधी पुन्हा सोडली. ती म्हणाली, "हा माझ्या आईचा पाय. नारू हाय. ती उतरनार न्हाई. ज्याचा पाय असा असंल ते कुनीच उतरनार न्हाई, गावातलं असो की आमच्यातलं. आन् पानी दुहेरी कापडातून गाळूनच प्यायचं." तिने बरणी तहसीलदारांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरली आणि पटकन मला परत केली. म्हणाले, "मुलगी सांगते तसं करा."

तेव्हा केवळाबाईंनी लुगड्याचा काठ वर केला. घोट्याखाली हळदीचा लेप होता.

"रातभर डोळा न्हाई गं लागला," त्या हळूच म्हणाल्या.

चतुराबाई सरकल्या. केवळाबाई त्यांच्याशेजारी त्याच पायरीवर बसल्या आणि हातातली घागर त्यांनी पंचशीलापुढे धरली.

"अगं, तिच्या हातचं पानी?" पाटील मागून ओरडले.

"मग तुमी उतरा," केवळाबाई म्हणाल्या.

पाटलांचे पाय धडधाकट होते, पण घागर त्यांनी जन्मात उचलली नव्हती. ते जागचे हलले नाहीत. पंचशीलाने एका कडेवर आईची घागर घेतली, दुसऱ्या कडेवर पाटलिणीची, आणि ती पायऱ्या उतरू लागली.